पॅकेट गेलं, पण पेटीला कळलं नाही

टाकीखालच्या खोलीतली पेटी मी रोज सकाळी बंद करून चालू करत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही. कुणी विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, एवढंच. पण त्या न सांगण्यानं माझ्या नातीची नोकरी जाता जाता राहिली. गावात ही हकिकत आता जो तो आपल्या मनानं सांगतो, म्हणून मीच नीट लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. एवढं लिहायला ते पुरतं.

आमचं गाव निलंग्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. गावाची पाण्याची टाकी माझ्या घराला लागून आहे. विहीर मात्र दोन किलोमीटरवर, तळ्याच्या काठाला. पाणी सोडणारा माणूस मोटारसायकलवर विहिरीवर जायचा, मोटार चालू करायचा आणि टाकी भरली का ते बघायला परत यायचा. त्याला उशीर झाला की टाकी वाहायची आणि सगळं पाणी माझ्या अंगणात. मी त्याला कितीदा तरी झापलं आहे. तो म्हणायचा, "काकू, मला दोन जागी उभं राहता येत न्हाई." ते खरं होतं. माझ्या अंगणात चिखल होता, तेही खरं होतं.

माझ्या मुलाची मुलगी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली आणि नांदेडातच एका लहान कंपनीत लागली. सहा महिने काम बघून मग कायम करतो, असं तिला सांगितलेलं. ती कंपनी पेट्या बनवते. एक पेटी टाकीखाली बसते, एक विहिरीवर. टाकीत किती पाणी आहे, ते टाकीखालची पेटी दर मिनिटाला विहिरीवरच्या पेटीला कळवते आणि त्यावर मोटार आपोआप चालू-बंद होते. त्या एकेका निरोपाला नात पॅकेट म्हणते. पॅकेट बाहेर टाकायचं काम पेटीतली एक चिप करते, आणि त्या चिपकडून काम करून घ्यायला जे लिहावं लागतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर माझ्या नातीनं लिहिलेला होता.

पहिली पेटी आमच्या गावात बसवायचं ठरलं. ग्रामसभेत लोक कुरकुरायला लागले. मी उठून म्हणाले, "पोरगी माझी हाय. बिघडलं तर मी बघते. बसवा." खोलीची किल्ली माझ्याकडं आली.

पेटीवर दोन दिवे. हिरवा सतत जळतो. पिवळा, पॅकेट गेलं की एकदा लुकलुकतो. पेटी बसवल्यावर तिसऱ्या दिवशी पिवळा लुकलुकायचा थांबला. हिरवा आपला तसाच जळतोय. विहिरीवरची मोटार थांबली नाही आणि पुन्हा माझ्या अंगणात पाणी आलं.

पाणी सोडणारा आला, कमरेवर हात ठेवून पेटीकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, बंद करून चालू करा की. आमच्या स्टार्टरला मी तेच करतो."

मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पेटी सुरू झाली. आणखी तीन दिवसांनी पुन्हा गप.

नातीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून दुपारी पोचली. जेवायला बस म्हटलं तर आधी टाकीखाली गेली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसली, पेटीला वायर लावली आणि लॅपटॉप उघडला. मी तिथंच ताट नेऊन दिलं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"पॅकेट गेलंय आजी, पण गेलं म्हणून पेटीला कळंना."

"पिवळा लागला म्हणजे गेलंच की."

"गेलंच. पण चिपनं तसं सांगावं लागतं. पाठवून झालं की चिप एक घंटी वाजवती. आतल्या आत, आपल्याला ऐकू येत न्हाई. पेटीत आठ खण हायत. पॅकेट एका खणात ठेवायचं, चिप ते उचलून पाठवती. घंटी वाजली की मी खण मोकळा धरते आणि पुढचं पॅकेट त्यात ठेवते. ही चिप कधी कधी घंटी वाजवायचंच विसरती. मग तो खण भरलेलाच मोजला जातो."

"आणि आठी भरले की गप."

"हाव."

मी म्हणाले, मग चिप बदल. ती हसली. म्हणाली, "चिप न्हाई बदलत कुणी. सगळ्या पेट्यांत हीच बसवली. ती जशी हाय तशी धरून आपण लिहायचं."

हे मला लगेच पटलं. माझा नवरा जेवला का विचारलं तर उत्तर द्यायचा नाही. मी ओरडत बसले नाही. ताट बघायची. ताट साफ असलं की जेवला.

आणि डब्यांचंही तसंच झालं होतं. हिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, लातूरला अकरावीला होता तेव्हा मी रोज सकाळच्या एसटीनं त्याचा डबा पाठवायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका तसा पाठवायच्या, अजूनही पाठवतात. डबे माझ्याकडं चार. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा आणि फाट्यावरच्या चहावाल्याकडं उतरवला जायचा. चहावाल्यानं गावाकडं येणाऱ्या कुणाजवळ तरी निरोप द्यायचा, मग मी जाऊन डबा आणायची. तो विसरायचा. मी निरोपाची वाट बघायची. एक दिवस सकाळी भाकरी तयार, भाजी तयार आणि घरात भरायला डबा नाही. चारी डबे चहावाल्याच्या बाकड्याखाली पडलेले. त्या दिवसापासून मी निरोपाची वाट बघायचं सोडलं. नवा डबा ठेवायला गेले की आधी बाकड्याखाली वाकून बघायचं, जेवढे असतील तेवढे उचलायचे.

हे मी नातीला सांगितलं. ती घास चावता चावता म्हणाली, "तेच लिहायलेय."

म्हणजे मी सांगितलं म्हणून तिला सुचलं, असं काही नाही. तिला ते आधीच माहीत होतं. चिप नुसती घंटी वाजवत नाही, पाठवून झालेल्या खणावर एक खूणही करते. आता घंटी वाजो न वाजो, नवं पॅकेट ठेवायच्या आधी ड्रायव्हरनं सगळ्यात जुन्या खणापासून खुणा बघत यायचं आणि खूण असलेले खण मोकळे करायचे. खूण नसलेला खण आला की थांबायचं, कारण ते पॅकेट अजून चिपच्या हातात असणार. ते काढून घेतलं तर भलतंच काहीतरी बाहेर जाईल. तिनं तसं लिहिलं, पेटीत भरलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, "बिघडली तर फोन कर."

इथं मी चुकले. ती गेल्यावर पाणी सोडणारा म्हणाला, "काकू, बिघडायची वाट कशाला बघायची? रोज सकाळी एकदा बंद-चालू करून ठेवा. मशीन ताजी राहती." आमच्याकडं मोटारी, स्टार्टर, पिठाची गिरणी, सगळ्यांना हाच उपाय चालतो. मला ते बरोबर वाटलं. ग्रामसभेत मी शब्द दिला होता आणि पुन्हा चिखलही नको होता. अंगण झाडून झालं की मी कुलूप काढायची, बटण दाबायची, हिरवा विझला की दहापर्यंत मोजायची, पुन्हा दाबायची. नेमानं. एक दिवस चुकवला नाही.

बारा दिवस पेटी गप झाली नाही. टाकी वेळेवर भरली. बायका म्हणाल्या, काकूंची नात हुशार निघाली. मी म्हणाले, निघणारच.

बाराव्या दिवशी दुपारी नातीचा फोन आला. इतक्या मोकळ्या आवाजात ती कधी बोलत नाही.

"आजी, एकदापण गप झाली न्हाई ना?"

"न्हाई."

"साहेबांना सांगितलं मी, काम झालं म्हणून. उद्या माहूरकडं गाडी जायली पेट्या घेऊन. डोंगरातली गावं हायत, टाकी वर आणि माणसं खाली. तिथं कोण बघणार? म्हणून हे नीट व्हायला पाहिजे होतं."

तिथं कोण बघणार, हे ऐकलं आणि मला एकदम लक्षात आलं.

"इथं मी बघते," मी म्हणाले. "रोज सकाळी बंद-चालू करते."



"रोज?" ती म्हणाली.

"रोज."

"मला इथं ऑफिसात लॅपटॉपवर दिसत होतं गं रोज सकाळी पेटी नव्यानं उठायली. मी म्हणले गावाकडची लाइट, जात असंल." मग चिडली. "कोण सांगितलं तुला हात लावायला?"

"पाणी सोडणारा. आणि तू म्हणालीस बिघडली तर फोन कर. बिघडू नये म्हणून केलं."

"अगं आजी, बंद केलं की सगळे खण आपोआप मोकळे होतेत! बारा दिवस काहीच कळलं न्हाई मला. माझं लिहिलेलं चाललं का तुझं बटण चाललं, कसं कळणार?"

"मग साहेबाला सांग."

"काय सांगू? सकाळी म्हणले झालं, दुपारी म्हणू न्हाई झालं? कायम करायच्या महिन्यात?"

"माझं सांग. म्हातारीनं घोळ घातला म्हण."

"हसतील ऑफिसात."

"हसू दे. माहूरच्या डोंगरात पेट्या गप पडल्या तर हसणार न्हाईत, शिव्या देतील. आणि त्या तुला देतील, मला न्हाई."

तिनं फोन ठेवला. मला वाईट वाटलं का, असं नंतर सुनेनं विचारलं. वाईट वाटून काय होणार होतं? आता पेटीला हात लावायचा नाही, एवढं माझ्या हातात होतं. मी किल्ली डब्यात टाकली आणि पाणी सोडणाऱ्याला बोलावून सांगितलं, "तुझा उपाय तुझ्या स्टार्टरला कर. या खोलीत पाय ठेवलास तर बघ."

"माझं काय चुकलं काकू? पाणी तर आलं ना?"

"पाणी आलं, म्हणून तर कळलं न्हाई."

संध्याकाळी नातीचा पुन्हा फोन आला. साहेबांना सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत, पण गाडी थांबवली आणि आठ दिवस दिले. आठ दिवसांत पेटी हात न लावता चालली पाहिजे, नाहीतर ड्रायव्हरचं काम दुसऱ्याकडं देऊ, मग तुझं कायमचं बघू. म्हणजे तिला घरी बसवणार, हे मला समजलं.

ती दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन आली. पेटीला कुणी हात लावला नाही. पहिला दिवस नीट. दुसरा नीट. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पिवळा थांबला. नात टाळी वाजवून उठली.

"गप झाली!"

"त्यात आनंद काय?" मी विचारलं.

"आता आत काय झालंय ते दिसंल. फक्त बंद करायची न्हाई. बंद केली की सगळं पुसलं जातं."

पण पेटी गप झाली तेव्हा टाकी रिकामी होत आली होती आणि विहिरीवरची मोटार बंद. हातानं चालू करावी म्हटलं तर विहिरीच्या खोलीची किल्ली घेऊन पाणी सोडणारा निलंग्याला बाजारात गेलेला. तासाभरात नळ सुकले आणि बायका घागरी घेऊन माझ्या दारात आल्या. नात आत पोत्यावर बसून वाचत होती. मी खुर्ची टाकून खोलीच्या दारात बसले.

"काय हो काकू, मशीन मेली वाटतं?"

"मेली न्हाई. बसली हाय."

"मग उठवा की. परवापर्यंत तर बटण दाबून उठवत होताव."

"आज उठवायची न्हाई."

"अन् आमी प्यावं काय?"

"हातपंप हाय की शाळेजवळ. जावा."

"वा! नातीच्या अभ्यासासाठी गावानं हातपंप हाणायचा?"

"हाणा. मागच्या उन्हाळ्यापर्यंत तेच करत होताव. हात झडले का आता?"

एक बाई मला सरकवून आत जायला लागली. मी काठी आडवी केली. म्हणाले, "ग्रामसभेत मी म्हणाले होते, बिघडलं तर मी बघते. बघायले. दुपारपर्यंत पाणी न्हाई आलं तर माझ्या घरातलं पिंप घेऊन जावा." मग त्या गेल्या. शिव्या देत गेल्या, पण गेल्या. दोघीजणी हंडे घेऊन खरंच माझ्या पिंपातलं पाणी भरून गेल्या. बोलले होते, म्हणून भरू दिलं.

आत नात एकेक खण मोठ्यानं वाचत होती. "पहिला, खूण न्हाई. दुसरा, खूण हाय. तिसरा हाय. चौथा हाय..." आठव्यापर्यंत सगळ्यांवर खूण. फक्त पहिल्यावर नाही.

"पहिलं पॅकेट गेलं न्हाई का?" मी दारातूनच विचारलं.

"विहिरीवरच्या पेटीची नोंद बघितली मी लॅपटॉपवर. पोचलंय तिथं."

"मग चिप खूण करायचीपण विसरती."

"विसरती," ती म्हणाली. "आणि मी पहिल्यापाशीच थांबून बसलेय. मागचे सात मोकळे असून हात लावीना."

चूक तिच्याही लिहिण्यातली होती आणि चिपचीही. ती तिनं तोंडानं कबूल केली, मला बरं वाटलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून खुणा बघायला लागली. मी विचारलं, "पहिल्याला सोडून दुसरं आधी पाठवते का ही चिप कधी?"

"तेच आठवायलेय. न्हाई. रांग मोडत न्हाई. तेवढी एकच गोष्ट ती सरळ करती."

"मग दुसरं गेलं म्हणजे पहिलं गेलंच."

"गेलंच. पण मी नुसतं म्हणून चालत न्हाई. चिपच्या कागदात लिहिलेलं पाहिजे."

तिनं लॅपटॉपवर कुठलासा मोठा कागद उघडला आणि बोट फिरवत वाचला. शेवटी मान हलवली. लिहिलेलं होतं. त्याप्रमाणं तिनं बदल केला: एखाद्या खणावर खूण नसली तरी त्याच्या पुढच्या खणावर असेल, तर आधीचाही गेला असं धरायचं आणि दोन्ही मोकळे करायचे. पुढच्या एकावरही खूण नसेल, तर मात्र हात लावायचा नाही. चिप खरंच कामात असेल. तेव्हा थांबायचं, पण किती थांबायचं तेही ठरवून ठेवायचं, आणि तेवढा वेळ गेला तर पेटीनं चिपला स्वतःच नव्यानं उठवायचं.

"म्हणजे माझंच बटण," मी म्हणाले.

"तुझंच. पण गरज पडली तरच. आणि उठवलं की मला लिहून कळवणारं. तुझ्यासारखं गुपचूप न्हाई."

हे मी ऐकून घेतलं.

दुपारी एकला नवं लिहिलेलं पेटीत भरलं. पिवळा लुकलुकला. दोन वाजता नळाला पाणी आलं. सकाळची तीच बाई जाता जाता म्हणाली, "झाला का अभ्यास?" मी म्हणाले, "झाला. पिंप भरून आणून द्या आता." तिनं दिलं नाही.

राहिलेले पाच दिवस पेटीला कुणी हात लावला नाही. मी रोज चार वेळा जाऊन नुसती बघून यायची आणि वहीत लिहायची: हिरवा हाय, पिवळा हाय, टाकी अर्धी, टाकी भरली. नात जवळ बसून पेटीकडून लॅपटॉपवर आलेलं वाचायची. त्या पाच दिवसांत चिप खूण करायची दोनदा विसरली आणि पेटी थांबली नाही. एकदा घंटी वाजवायचीही विसरली, तेही तिला सापडलं. हे दोन-तीन विसरणं सापडलं म्हणूनच तिला खात्री पटली. काहीच चुकलं नसतं तर पुन्हा नुसतीच वाट बघत बसावी लागली असती. आठव्या दिवशी ती माझी वही घेऊन नांदेडला गेली. माझी अक्षरं वाकडी आहेत, साहेबाला वाचता येतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, दिव्याचं तर लिहिलंस, वाकडं काय आणि सरळ काय.

पेट्यांची गाडी माहूरकडं गेली. बसवायला तीच गेली होती. डोंगरावरच्या एका टाकीपासून फोन केला, वारा लई होता, अर्धं ऐकू येईना.

"पिवळा लागला का?" मी ओरडून विचारलं.

"लागला!"

"तिथल्या लोकांना सांग, हात लावू नका म्हणून."

"सांगितलं की."

"सांगून ऐकत न्हाईत. मी ऐकलं का?"

त्या महिन्याच्या शेवटी तिला कायम केलं. कंपनीनं नंतर ज्या पेट्या बनवल्या, त्यांना बाहेरून बटणच ठेवलं नाही. ती तिनंच सुचवलेली गोष्ट. मला तिनं हे फोनवर सांगितलं, आणि पाणी सोडणाऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, बटण नसेल तर मशीन बिघडल्यावर माणसानं करायचं तरी काय? मी म्हणाले, नातीला फोन.